फुलाची आणि पानाची चुकामूक

आज सकाळी मेसमध्ये पोह्यांची ताटली घेऊन बसले होते, तेवढ्यात आईचा फोन आला. जेवलीस का, झोप झाली का, असलं काही तिने विचारलं नाही. "पान वर आलं बग," एवढं म्हणाली आणि मग लावणीला कोण कोण आलंय, गुडघे किती दुखतायत, हे सांगत राहिली. फोन ठेवल्यावर समोरच्या मुलीने विचारलं, कसलं पान? मी म्हटलं, आमच्या घराजवळ एक छोटी वनस्पती आहे, तिचं. ती बरं म्हणाली आणि चहा पिऊ लागली.

तिला याहून जास्त सांगायला हवं होतं. पण बोलताना मला पटकन सुचत नाही. लिहिताना थोडं सुचतं. पुण्याच्या या हॉस्टेलमध्ये मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी आले आहे, विषय वनस्पतिशास्त्र. त्या पानाशी माझा जो पावसाळा जोडलेला आहे तो बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तरी आखाड लागला की मला तोच पावसाळा आठवतो.

आमचं गाव कुरवंडे. लोणावळ्याहून नागफणीकडे जाणारा रस्ता आमच्या गावातून जातो. आखाडात आमच्याकडे ढग वर नसतात, घरात असतात. दार उघडं राहिलं तर आत येतात आणि पांघरुणं ओली करून जातात. काडेपेटी आई तांदळाच्या डब्यात ठेवते. शाळेचे कपडे चार दिवस दोरीवर राहून पाचव्या दिवशी अंगावरच वाळायचे. शनिवार-रविवारी धुक्यातून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे, गाड्या मात्र दिसायच्या नाहीत. आणि पठारावर, त्या मुरमाड जमिनीत, गवत घोट्याएवढं झालं की पांढरी फुलं यायची. जमिनीला थापून बसवल्यासारखं एकच गोल पान, त्यातून बोटभर दांडा आणि वर एक किंवा दोन फुलं. आम्ही लहानपणी त्यांच्यावरून उड्या मारत शाळेत जायचो. त्यांना नाव असेल असं कधी मनात आलं नाही.

ऑर्किड हा शब्द मी आबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आबा, म्हणजे माझे वडील, लोणावळ्यात एका बंगल्यावर माळीकाम करतात. तिथे व्हरांड्यात कोळसा आणि नारळाच्या शेंड्या भरलेल्या कुंड्या टांगलेल्या आहेत, त्यांत जांभळी फुलं येतात. आबा त्यांना आर्किड म्हणतात आणि त्यांची काळजी तान्ह्या बाळासारखी घेतात, कारण मालकीणबाई दर आठवड्याला फोटो मागवतात. म्हणून ऑर्किड म्हणजे श्रीमंतांच्या घरी टांगलेलं काहीतरी, अशी माझी समजूत होती. मग दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी वर्गात पडद्यावर एक पांढरं फूल दाखवलं. म्हणाल्या, ही आमरी, म्हणजे ऑर्किड, जमिनीत वाढणारी. आपल्या पठारांवर मिळते. कोणी पाहिली आहे?

ती माझ्या घरामागे होती. मी हात वर केला नाही.

का नाही केला, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. उत्तर चुकेल ही भीती नव्हती. हात वर केला की पुढचा प्रश्न येतो, तू कुठली, आणि त्याच्या पुढचा, घरी काय करतात. वर्गातल्या बऱ्याच मुली लोणावळ्या-तळेगावच्या होत्या. कोणाचे वडील रेल्वेत, कोणाची आई शिक्षिका. माझ्या घरातून कॉलेजच्या दारात पाऊल टाकलेली मी पहिलीच. आई चौथीपर्यंत शिकली. लावणीत, कापणीत दुसऱ्यांच्या शेतावरही जाते. हे सांगण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरीही मी ते सांगत नव्हते.

तास संपल्यावर जिन्यात मॅडमना गाठून हळू आवाजात सांगितलं. त्या तिथेच थांबल्या. एवढंच म्हणाल्या की मग हा प्रोजेक्ट तुझा. कुरवंड्याच्या परिसरातल्या जमिनीवरच्या आमरी, दहा नमुने, कंदासकट. प्रत्येक नमुना दाबून, वाळवून, जाड कागदावर टाचायचा आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. नाव, स्थळ, तारीख, ओळख कोणी पटवली, गोळा कोणी केलं. हे कागद कॉलेजच्या कपाटात राहतील, आपण सगळे गेल्यावरही, असं त्या म्हणाल्या. मी घरी जाताना तेच मनात म्हणत होते. आमच्या घरातल्या कोणाचंही नाव आजवर रेशनकार्ड, सातबारा आणि मतदारयादी सोडून कशावर लागलं नव्हतं.

मॅडमचा स्वतःचा विषय बुरशी. आमरी मला फारशी येत नाही, आपण दोघी मिळून शिकू, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. एवढ्या शिकलेल्या बाईंना 'मला येत नाही' म्हणताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. पण आमरीचं बी त्यांनी जसं समजावलं तसं पुढे कोणीच समजावलं नाही. हरभऱ्याच्या दाण्यात रोपासाठी डबा बांधून दिलेला असतो, त्या म्हणाल्या. मुळं फुटेपर्यंत ते रोप तो डबा खातं. आमरीचं बी धुळीसारखं बारीक, एका बोंडात हजारोंनी. त्यात डबा नसतो. ते वाऱ्यावर निघतं ते उपाशीच. जिथे पडेल तिथल्या मातीत एक विशिष्ट बुरशी असली आणि तिने आपला धागा त्या बियात घातला, तरच ते जगतं. बुरशी त्याला भरवते. कधीकधी काही वर्षं ते जमिनीखालीच असतं, पान नाही, काही नाही, आणि मग एका पावसाळ्यात वर येतं. हे ऐकून मी वहीत 'डबा' एवढाच शब्द लिहिला होता. वही अजून माझ्याकडे आहे.

मॅडमच्या पुस्तकातली चित्रं थंड देशांतल्या आमरींची होती. त्या हिवाळ्यात बर्फाखाली झोपतात आणि बर्फ वितळला की उठतात. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात झोपतात, मुरूम तापून पाय भाजत असतो तेव्हा. झोपेची वेळ वेगळी, पण झोपायची पद्धत तीच. खाली कंद ठेवायचा, वरचं सगळं सोडून द्यायचं.

कंद पहिल्यांदा खणला तो दिवस मला आठवतो. आईचं खुरपं घेऊन मी पठारावर गेले, आणि आई गवताचा भारा बांधायला आली होती ती जवळ येऊन उभी राहिली. माती बाजूला केली तर खाली दोन कंद. एक सुरकुतलेला, मऊ. दुसरा टपोरा, पांढराशुभ्र. पुस्तकात होतं की जुना कंद या वर्षीचं फूल पोसतो आणि संपतो, नवा पुढच्या वर्षासाठी भरतो. मी आईला ते सांगायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "कांदा कशाला काडतीस? फुडच्या वर्साचं हाय त्ये." मी म्हटलं मॅडमना पूर्ण झाड लागतं. तिने भाऱ्याची दोरी आवळली. मी कागदात घातलेली रोपं मोजली, आणि प्रत्येक जातीचं एकच घ्यायचं, जास्तीचं चुकून निघालं तर नवा कंद परत पुरायचा, असं आमचं न बोलता ठरलं. तीन कंद मी परत पुरले. ते जगले की नाही, ठाऊक नाही.

नमुने दाबायची जाळी मॅडमनी दिली होती. लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळीदार फळ्या, मधे वर्तमानपत्राचे थर, वरून पट्टा. घरी त्यावर तांदळाचं पोतं ठेवलं. वर्तमानपत्रं रोज बदलावी लागतात, नाहीतर नमुने काळे पडतात. पण आमच्याकडे आखाडात कोरडा कागद आणायचा कुठून? मी सकाळी सातला निघायची ती संध्याकाळी यायची. तेव्हा आईने ते काम आपल्याकडे घेतलं. दुपारी ती पोतं उतरवायची, प्रत्येक रोप हलक्या हाताने उचलून ताटात ठेवायची, ओले कागद चुलीच्या अंगाला उभे करून वाळवायची, आणि कोरड्या कागदांत सगळं पुन्हा जसंच्या तसं. एकदाही क्रम चुकला नाही. मी आल्यावर ती मला बातम्या द्यायची. दात घासायच्या ब्रशसारखी एका बाजूला फुलं असलेली वाळत आली. लांब शेपटीवालीची शेपटी तुटता तुटता वाचली. त्या शेपटीत तळाशी मध असतो आणि तो फक्त लांब सोंडेच्या पतंगाला मिळतो, हे मी तिला सांगितलं, तर तिने विचारलं, "मंग बाकीच्यांनी काय करायचं?"

चौथ्या दिवशी तिने मला दारातच अडवलं. जाळीत, वर्तमानपत्राच्या आत, पोत्याखाली, एका रोपाची कळी उमलली होती. "ही मेलीच न्हाई अजून," आई म्हणाली. आवाजात कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, हो, आमरींचं असं होतं, कंदात पाणी असतं ना, आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. आधी उकळत्या पाण्यात बुडवून घ्यायला हवं. दुसऱ्या दिवशी पातेल्यात पाणी उकळलं. मी रोप हातात धरून उभी राहिले, पाणी आटत आलं. शेवटी आईनेच "दे हिकडं" म्हणून ते घेतलं आणि बुडवलं. आबा बंगल्यावरून आले, पातेल्यात डोकावले आणि म्हणाले, आज कालवण कशाचं? आई हसली नाही. ते पाणी तिने गटारात न ओतता थंड करून कढीपत्त्याच्या मुळाशी घातलं.

आता इथे आमच्या विभागात वाळवायला विजेचं कपाट आहे. बटण दाबलं की दोन दिवसांत नमुना तयार. त्याची ऊब हाताला लागली की मला धुराचा वास येतो, खरं तर तिथे धूर नसतो.

ज्येष्ठाच्या शेवटी, प्रोजेक्ट मिळाल्या मिळाल्या, मी सगळ्यात पहिला जो नमुना घेतला होता तो मात्र पठारावरचा नव्हता. ओढ्यापलीकडच्या देवाच्या राईतला होता. राईत दाट सावली, पालापाचोळ्याचा मऊ थर, त्यातून वीतभर उघडा दांडा वर आलेला. पान एकही नाही. वर तीन फिकट हिरवट फुलं, मान खाली घातलेली. मी घाईने ओढलं आणि दांडा तुटला, कंद खालीच राहिला. मॅडम म्हणाल्या, असू दे, एक नमुना अपुरा चालेल. श्रावण लागायच्या बेताला मी पुन्हा त्याच राईत गेले तर तिथे जमिनीलगत एक पान दिसलं. हृदयाच्या आकाराचं, घडीच्या पंख्यासारख्या चुण्या पडलेलं. फूल नाही, दांडा नाही. या वेळी मी नीट खणलं. खाली गोटीएवढा कंद. म्हणजे आमरीच, पण कुठली?

जात ओळखायला आमच्याकडे एक तालिका होती. ती प्रश्न विचारत जाते, आपण दोनांतली एक वाट निवडत जायचं. फूल असं की तसं, शेपटी लांब की आखूड, परागांचे गोळे किती. माझ्या पानाला फूलच नव्हतं, त्यामुळे मी पहिल्याच प्रश्नाला अडले. पुस्तकातल्या चित्रांतही तसं पान सापडेना. मॅडमनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, कदाचित, हं, कदाचित, ही आपल्या भागातून आजवर कोणी न नोंदलेली असेल. परीक्षेला पुण्याहून सर येतील ते बघतील. त्या वर्गातही हे बोलल्या. मधल्या सुट्टीत चार मुली माझ्या बाकापाशी आल्या आणि दाखव ना म्हणाल्या. वर्षभर एका वर्गात बसून त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी दहाव्या कागदावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि घरी येईपर्यंत त्या प्रश्नचिन्हाकडे किती वेळा पाहिलं असेन.

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी कागद जमिनीवर मांडून आबांना दाखवत होते, ही अमुक, ही तमुक, आणि ही बहुतेक नवीनच. आई तिकडूनच, हात पिठात, म्हणाली, "ह्या दोगींचे दोन कागद कशापायी गं? पैला अन् ह्यो, एकच हाय की त्ये."

मी म्हटलं, आई, पहिल्याला पान नाही आणि याला फूल नाही. एक कसं असेल?

"म्हनूनच तर एक हाय," ती म्हणाली.

आबा हसले. मला ते हसणं माझ्यावरचं वाटलं. आणि मी म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं.

हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण ते वगळलं तर बाकीचं सगळं खोटं होईल. मी मोठ्याने नव्हते बोलले. आईने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. पुढे दोन दिवस तिने कागद बदलले, पण मला बातम्या दिल्या नाहीत.

रविवारी मीच म्हटलं, दाखव मला. ती लगेच उठली, डोक्यावर इरलं घेतलं. आम्ही ओढा उतरलो, राईच्या खालच्या अंगाला गेलो. एका जांभळीखाली ती उकिडवी बसली आणि पाला बोटांनी असा बाजूला केला की मातीसुद्धा हलली नाही. तिथे एक चुणीदार पान होतं. त्याच्या पायाशी, अगदी चिकटून, वाळून काळी पडलेली दांड्याची काडी. वर फुटून रिकामी झालेली बोंडंही होती. असाच दांडा मी ज्येष्ठात इथेच, फुलांसकट उभा पाहिला होता. आजूबाजूला आणखी चार-पाच पानं. एकेकीच्या पायाशी आईने मला तशीच काडी दाखवली.

मग तिने सांगितलं. तिचं माहेर आंबी, तळेगावच्या पलीकडचं, मोकळं, सपाट. लग्न होऊन इथे आली तेव्हा हे धुकं, हा पाऊस तिला सहन होईना. बोलायलाही कोणी नव्हतं. दुपारी भाकरी खायला ती एकटी या जांभळीखाली येऊन बसायची. पहिल्या ज्येष्ठात तिला ते फूल दिसलं. आबांना दाखवायचं म्हणून आठ-पंधरा दिवसांनी त्यांना घेऊन आली तर फूल गायब, तिथे पान. आबांनी चेष्टा केली. तिला वाटलं कोणी खुडलं. दुसऱ्या वर्षी तेच झालं. तिसऱ्या वर्षी तिने फुलाशेजारी कारवीची एक काडी रोवली, आणि आखाडात पान आलं ते त्या काडीला टेकून. तेव्हापासून दर वर्षी ती पाहते. पान दिवाळीनंतर पिवळं पडून जातं. मग काही नाही. मग ज्येष्ठात नुसतं फूल.

"फूल येतं तवा पान नसतं, पान येतं तवर फूल गेल्यालं," ती म्हणाली. "एकाच घरातली दोगं, पन गाट न्हाई. मी चुकामूक म्हनते तिला."

मी विचारलं, हे कधी कोणाला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, इचारलं कुनी?

सोमवारी मी मॅडमना सांगितलं की दोन्ही कागद एकाच वनस्पतीचे आहेत. त्यांनी पुस्तक काढलं, आणि आता कुठे शोधायचं ते कळल्यावर पाच मिनिटांत सापडलं. एकपानी नावाने दिलेली होती, आधी फूल, मग पान, अगदी स्पष्ट. नवीन काही नव्हतं. दहाचे नऊ झाले. पण मॅडम नाराज झाल्या नाहीत, उलट त्यांचा चेहरा खुलला. विचारलं, तुला कसं कळलं? आणि मी म्हणाले, मी नीट पाहिलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. पुढच्या तासाला वर्गाला सांगितलं की निरीक्षण याला म्हणतात.

खरं सांगायला किती शब्द लागले असते? तीन. माझ्या आईने सांगितलं. ते तीन शब्द मला त्या दिवशी बोलता आले नाहीत, आणि नंतर फायलीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या निरीक्षणानुसार'. आई त्या काळात पुन्हा बातम्या देऊ लागली होती. प्रत्येक बातमी मला टोचायची. मी घरी मॅडमसारखी कागद टाचत बसायची आणि ती सुईत दोरा ओवून द्यायची.

दिवाळीच्या आधी तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले सर वयस्कर होते, बारीक आवाजाचे. मॅडम शेजारी बसल्या होत्या. दार उघडंच होतं आणि बाहेर पुढचे नंबर उभे होते. सरांनी एक एक कागद पाहिला, लेबलं वाचली. भिंग देऊन एका फुलाची मान दाखवायला सांगितली. आमरीची कळी उमलताना देठात अर्धा वळसा घेते, वरची पाकळी खाली येते, पतंगाला बसायला पाट होतो. ते मी दाखवलं. बरं चाललं होतं. मग त्यांनी राईतले दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

हे दोन्ही एकच, असं तुम्ही लिहिलंय, ते म्हणाले. कशावरून?

मी म्हटलं, निरीक्षणावरून.

"किती पावसाळ्यांचं?"

एकाच, मी म्हटलं. ते रागावले नव्हते. शांतपणे म्हणाले की फुलाचा कंद तुमच्याकडे नाही, पानाचा आहे. एकाच जागी दोन गोष्टी दिसल्या म्हणून त्या एक ठरत नाहीत. पुस्तकात आहे हे मलाही माहीत आहे, पण तुम्ही पुस्तक पाहण्याआधी ठरवलं असं मॅडम सांगतात. ते कसं ठरवलं, एवढंच मला हवंय.

बाहेर पायांची चुळबूळ ऐकू येत होती. मी टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाले, "सर, मी नाही ठरवलं. माझ्या आईने ठरवलं. तिने फुलापाशी काडी रोवली होती."

"कधी?"

"माझ्या जन्माच्या आधी."

मला वाटलं होतं कोणीतरी हसेल. सरांनी विचारलं, काडी कशाची? कारवीची, मी म्हटलं. कारवीचीच का? मी म्हटलं, लवकर कुजत नाही म्हणून असेल, आमच्याकडे कुडाच्या भिंतींना तीच लावतात. ते जरा पुढे सरकले. आई काय करते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आमचं शेत थोडं आहे, दुसऱ्यांच्या शेतावरही जाते. चौथी शिकली आहे. वडील माळी आहेत. एवढं सगळं एकाच दमात बाहेर पडलं आणि नंतर मला लक्षात आलं की बाहेरची चुळबूळ थांबली आहे आणि मला त्याचं काही वाटत नाहीये.

सर लेबलावर बोट ठेवून म्हणाले की मग हे अपुरं आहे. स्थानिक नावाची जागा कोरी आहे. मी म्हटलं, गावात हिला नाव नाही, फक्त आई म्हणते. काय म्हणते? मी सांगितलं. त्यांनी तो शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिला. मग म्हणाले, लेबल पुन्हा लिहा. ओळख पटवणाऱ्याच्या जागी आईचं नाव घाला, ज्याने ओळखलं त्याचंच तिथे असतं. जिन्यात मॅडमनी मला थांबवलं. मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. मी कोरं लेबल फायलीत सरकवलं. त्या म्हणाल्या, बरं, दिलेल्या शाबासकीतली अर्धी मी परत घेते, घरी पोचती कर.

कोरं लेबल घेऊन मी घरी आले आणि रात्री ते भरलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळची वेळ. पाऊस संपून ऊन पडलेलं, अंगणात भाताचं नवं बियाणं पसरलेलं. आई पाखरं हाकत उंबऱ्यात बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, फायलीत काय लिहिलं होतं तेही. ते ऐकताना ती माझ्याकडे न पाहता पाखरांकडे पाहत होती. मग म्हणाली, मी काय अब्यास करीत न्हवते, तितं सावली हुती म्हनून बसत हुते. आणि माझं नाव नगं लिवू, जंगलखात्याची मानसं इचारत आली तर? मी म्हटलं, कोणी येणार नाही, कपाटात राहणार आहे ते. तिने विचार केला. "बरं. आदी काय लिवलंस त्ये वाच."

मी वाचलं. स्थानिक नाव चुकामूक. ओळख, मंदा. गोळा करणारी, कोमल. स्थळ, कुरवंडे, तालुका मावळ.

"कुरवंडं न्हाई," आई म्हणाली.

का, मी विचारलं.

"वडा उतरलो न्हवं आपुन? वड्याच्या पल्याड आपली शीव न्हाई. चूक लिवलंस." आणि मग, मला काही शिकवायची मुभा तिला पहिल्यांदाच कोणी दिल्यासारखी ती उंबऱ्यावरून सरकून जवळ आली, लेबलावर वाकली, चौकोनात बोट ठेवून म्हणाली की हितं जागा लिवायची असंल तर नीट लिव, उद्या कुनी गेलं तर गावलं पायजे.

मी कुरवंडे खोडून विचारलं, मग काय लिहू?

तिने डोळे मिटले. देवाच्या राईच्या खालच्या अंगाला. वडा उतरून पल्याड, मोठ्या धोंड्याच्या उजव्या हाताला. जांभळीखाली, पर बुडाशी न्हाई, जरा लांब, दुपारची सावली जितवर जाती तितवर. पाला जाड असतो, चपला काडून जायाचं, न्हाई तर मोडतात. चौकोन दोनच ओळींचा होता. तो कधीच भरला. मी कागद फिरवला आणि कडेच्या कोऱ्या जागेत लिहू लागले. पाखरं उतरून बियाणं टिपत होती, तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मधेच डोळे उघडून तिने विचारलं, झालं का लिवून?

मी म्हटलं, नाही, तू सांग.